किट्टूरचं कपाट आणि भोसरीचं टेबल

पुण्याहून बंगळूरला गाडीने जाताना बेळगाव मागे पडलं की धारवाडच्या आधी किट्टूर लागतं. राणी चन्नम्माचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. टेलिफोनच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या आमच्यासारख्यांना मात्र ते आणखी एका कारणाने आठवतं. सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने स्वतः घडवलेलं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ मध्ये तिथे सुरू झालं. आम्ही त्याला रॅक्स म्हणायचो. कपाटाएवढा लोखंडी सांगाडा, आत उभी खोचलेली कार्डं, शेजारी बॅटऱ्या. एसी नाही, खोलीही खास बांधलेली नाही.

सरकारी प्रयोगशाळेत झालेलं काम छोट्या कारखान्यात कसं उतरतं, हा प्रश्न आजही प्रत्येक परिसंवादात निघतो. तिथे तो हवेतच राहतो. मला त्याचं उत्तर या एका प्रकरणात शोधायचं आहे, कारण तंत्रज्ञानाच्या हस्तांतरणाची चांगली बाजू आणि दुखरी बाजू, दोन्ही यात ढळढळीत दिसतात. शिवाय त्याचा एक छोटासा तुकडा माझ्या हाताखालून गेला आहे.

आधी तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. १९८४ च्या सुमारास सत्तर कोटींहून जास्त वस्तीच्या या देशात सारे मिळून पंचवीस-तीस लाख फोन होते, तेही बहुतेक शहरांत. फोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावायचा, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, आणि फोनजवळ बसून राहायचं. शहरांतली बरीच एक्स्चेंजं अजून इलेक्ट्रोमेकॅनिकल होती, खटखट करत चालणारी. डिजिटल एक्स्चेंजसाठी सरकारने १९८२ मध्ये फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेलशी करार केला. त्यांचं ई-१०-बी हे एक्स्चेंज बनवायला उत्तर प्रदेशात गोंडा जिल्ह्यातल्या मनकापूरला आयटीआय या सरकारी टेलिफोन कंपनीचा कारखाना निघाला. शहरांसाठी ते ठीक होतं. पण हजारो लाइनींचं, थंडगार खोली मागणारं ते यंत्र पन्नास फोनांच्या गावात नेऊन काय करणार?

दुसरीकडे देशात काम चालूच होतं. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत एम. व्ही. पिटके यांच्या गटाने लष्करासाठी डिजिटल स्विचिंगवर, म्हणजे एक फोन दुसऱ्याला जोडण्याच्या तंत्रावर, काम केलं होतं. दिल्लीच्या टेलिकॉम रिसर्च सेंटरमध्ये डाक-तार खात्याचे अभियंते इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजशी झुंजत होते. दोन्हीकडे हुशारी भरपूर होती, पण ती आपापल्या आवारात होती. अमेरिकेत स्विचिंगच्या धंद्यात नाव कमावलेले सॅम पित्रोदा दिल्लीत येऊन सांगत होते की हे आपण इथेच करू शकतो. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली. छत्तीस महिने, छत्तीस कोटी रुपये, असा आकडा ठरला. खात्यातून जी. बी. मीमांसी आले, टीआयएफआरमधून पिटके आले, आणि नुकतीच पदवी घेतलेली शेकडो पोरं दिल्लीत आणि बंगळुरात कामाला लागली.

त्यांनी काय बनवलं यापेक्षा कसं ठरवलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. हस्तांतरण होणार की नाही, हे करारावर सही होताना ठरत नाही. ते डिझाइनच्या पहिल्या महिन्यात ठरून जातं.

पहिली गोष्ट आकाराची. १२८ पोर्टांचा एक घटक त्यांनी मूळ मानला. पोर्ट म्हणजे एक्स्चेंजची एक वाट. काही वाटा ग्राहकांच्या फोनला, काही बाहेरगावच्या ट्रंकला. असा एक घटक स्वतंत्रपणे उभा केला की गावाचं रॅक्स झालं. तोच ऑफिससाठी मांडला की ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन आपसांत आणि बाहेर जोडणारं छोटं एक्स्चेंज. चार घटक जोडले की ५१२ पोर्टांचं बेस मॉड्यूल, आणि अशी मॉड्यूल जोडत गेलं की शहराचं मोठं एक्स्चेंज. म्हणजे लहान कारखान्याने लहान यंत्राचं कार्ड बनवायला शिकलं की मोठ्या यंत्राच्या विद्येचा पाया त्याच्या हातात आलेला असायचा.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. खास घडवून घेतलेल्या चिपा टाळून बाजारात मिळणारे मायक्रोप्रोसेसर आणि मेमरी वापरायची, हे त्यांनी पक्कं केलं. खास चिप हवी असती तर ती बनवून घेण्याची ऐपत मोठ्या कंपनीचीच असती. बाजारातला भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरूनही आणता येतो, निदान नमुन्यापुरता तरी.

तिसरी गोष्ट उन्हाची, धुळीची आणि बोलण्याची. वीज कमी खाणारं डिझाइन केलं म्हणजे उष्णता कमी, मग एसी नको. आपल्याकडे एकेका फोनवर अख्खी आळी बोलायची, त्यामुळे प्रत्येक लाइन पाश्चात्त्य देशांतल्या लाइनीपेक्षा कितीतरी जास्त वेळ गुंतलेली असायची. एक लाइन तासातली सहा मिनिटं गुंतली तर तिला ०.१ अर्लांग म्हणतात. घरगुती फोनसाठी तेवढं धरून आखलेलं एक्स्चेंज आपल्या गर्दीच्या तासाला गुदमरलं असतं. हे गणित इथे राहणाऱ्यालाच आधी सुचणार.

आता परवान्याकडे येतो. ग्राहकाच्या जागेत बसणाऱ्या उपकरणांचं उत्पादन सरकारने १९८४ मध्ये खासगी कारखान्यांना खुलं केलं होतं. ईपीएबीएक्स त्यातच मोडतं. सी-डॉटने आपलं तंत्रज्ञान कुणा एकाला मक्तेदारीने दिलं नाही. सरकारी कारखाने, राज्यांची इलेक्ट्रॉनिक्स महामंडळं, खासगी कंपन्या, ज्याची बनवायची तयारी आहे त्याला परवाना. डझनावारी परवाने निघाले. त्या वेळी मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला लागलो होतो. शेड भाड्याची, माणसं तिसाच्या आसपास, मालक स्वतः सकाळी शटर उघडायचे. आमच्याकडे सी-डॉटच्या ईपीएबीएक्सचा परवाना होता.

परवाना म्हणजे प्रत्यक्षात काय आलं, ते सांगतो. एका पत्र्याच्या ट्रंकेत ड्रॉइंगं, पीसीबीच्या, म्हणजे सुटे भाग ज्यावर बसतात त्या छापील पाट्यांच्या, फिल्म, सुट्या भागांची यादी, कोणता भाग कोणत्या पुरवठादाराचा चालेल त्याची यादी, आणि प्रत्येक कार्ड कसं तपासायचं त्याच्या पुस्तिका. सॉफ्टवेअर ईप्रॉम नावाच्या मेमरी चिपेत भरलेलं. एक नमुना यंत्र. आणि आमच्या दोघा माणसांसाठी बंगळुरात काही आठवड्यांचं प्रशिक्षण. त्या ट्रंकेची शिस्त पाहून मी थक्क झालो होतो. कागदावर कार्डाचा एकही रेझिस्टर निनावी नव्हता. तोवर मी पाहिलेलं छोट्या कारखान्यातलं 'डिझाइन' म्हणजे परदेशी यंत्र उघडून वहीत काढलेलं रेखाटन.

पहिली कार्डं वेव्ह सोल्डरिंगमधून, म्हणजे सगळे डाख एकदम देणाऱ्या यंत्रातून, निघाली तेव्हा निम्मी माझ्या टेबलावर नापास झाली. ड्राय सोल्डर म्हणजे कच्चा डाख, उलटा लावलेला डायोड, पीसीबीच्या भोकात तांबंच नीट चढलेलं नाही. हे सगळं आम्ही तीन-चार महिन्यांत आवरलं, कारण तपासणीच्या पुस्तिकेत कुठल्या टोकाला किती व्होल्ट दिसायला हवेत ते नीट लिहिलेलं होतं. दिवाळीच्या आधी आमचं पहिलं यंत्र बाहेर पडलं. मालकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि पोरांना पेढे वाटले. चिंचवडच्या एका कंपनीच्या ऑफिसात ते बसवून रिसेप्शनवरच्या बाईंनी पहिला आकडा फिरवला, तेव्हा पलीकडची घंटी ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.

दुखणं दुसऱ्या पावसाळ्यात निघालं. कोकणात समुद्राजवळच्या एका हॉस्पिटलात आम्ही यंत्र बसवलं होतं. तिथून फोन यायला लागले की सकाळी काही एक्स्टेन्शन मुकी असतात. कार्ड काढून परत बसवलं की सुरू. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मी एसटीने दोनदा गेलो, कार्डं बदलली, पॉवर सप्लाय बदलला. तिसऱ्या खेपेला कार्डाच्या मागचा कनेक्टर भिंगाखाली धरला. पिनांवरचा सोन्याचा मुलामा जागोजागी बारीक टाचणीने टोचल्यासारखा, आणि त्या टिपक्यांभोवती हिरवट डाग. मुलामा फार पातळ असला की त्याला सूक्ष्म छिद्रं राहतात. खारी, दमट हवा त्यातून खालच्या धातूला पोचते, गंज वर येतो आणि संपर्क तुटत जातो. कार्ड उपसून परत खोचलं की पिना एकमेकींवर घासतात, गंज खरवडला जातो आणि काही दिवस बरं चालतं.

चूक सरळ आमची होती. सी-डॉटच्या यादीत मुलाम्याची जाडी दिलेली होती आणि मान्य पुरवठादारांची नावंही होती. खरेदीत कुणीतरी तसाच दिसणारा, पण बराच स्वस्त कनेक्टर घेतला. टेबलावर तो पास झाला. मीच पास केला. पुण्याच्या कोरड्या हवेत बसवलेल्या यंत्रांत तो वर्षभर नीट चाललाही.

पण मला खरा धक्का पुढे बसला. बंगळूरला प्रशिक्षणाला गेलेल्या आमच्या दोघांपैकी एक जण तोवर नोकरी सोडून आखाती देशात गेला होता. त्याची वही माझ्या कपाटात पडून होती. ती चाळताना एका पानावर त्याच्या अक्षरात दिसलं: "कनेक्टर बदलू नये. किनाऱ्यावर प्लेटिंग जाते." तिथल्या अभियंत्यांनी बोलता बोलता सांगितलेलं त्याने टिपून ठेवलं होतं. यादीत जाडीचा आकडा होता. तो आकडा का, हे एका माणसाच्या डोक्यात आणि एका वहीत होतं, आणि माणूस गेला तेव्हा कारखान्यातून तेही गेलं.

तेव्हापासून हस्तांतरण या शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. ड्रॉइंग 'काय' सांगतं. 'का' हे माणसांबरोबर चालतं. सी-डॉटने माणसांना बोलावून शिकवलं, म्हणजे ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण तीस माणसांच्या कारखान्यात शिकून आलेली दोनच माणसं असतात, आणि शिकलेल्या माणसाला दुसरीकडे दुप्पट पगार मिळतो. मोठी कंपनी हा फटका पचवते. छोटीचं कंबरडं मोडतं. संशोधन संस्थेची पोचवण्याची जबाबदारी पहिलं यंत्र पास झालं की संपली असं मानलं, तर ज्ञान वर्ष-दोन वर्षांत गळून जातं.

रॅक्सच्या बाजूला वेगळीच अडचण होती, ती गिऱ्हाइकाची. गावातलं एक्स्चेंज विकत घेणारं सबंध देशात एकच, दूरसंचार खातं. सुरुवातीला हाच मोठा आधार होता. दिवसाला एक रॅक्स बसवायचं असं उद्दिष्ट खात्याने धरलं, म्हणजे बनवणाऱ्याला विक्रीची चिंता नाही. नव्या तंत्राला पहिलं गिऱ्हाईक मिळणं किती अवघड असतं हे ज्याने भोगलंय त्यालाच याची किंमत कळेल. जगात कुठेही सरकारी संशोधन छोट्या उद्योगात रुजलेलं पाहा, पहिली ऑर्डर बहुधा सरकारचीच असते.

पण तोच आधार पुढे गळ्याशी आला. सगळ्यांकडे एकच डिझाइन, एकच गिऱ्हाईक. मग स्पर्धा कशात करायची? फक्त भावात. निविदेत सर्वांत कमी भाव ज्याचा, तोच इतरांनाही देऊ करायचा आणि मागणी वाटून टाकायची, ही पद्धत. ज्याने कनेक्टर चांगला लावला त्याला चार पैसे जास्त मिळत नाहीत; ज्याने स्वस्तात भागवलं त्याचा भाव सगळ्यांच्या माथी बसतो. एवढ्या बारीक नफ्यावर कुठला छोटा कारखाना स्वतःचा डिझाइन विभाग उभा करणार? सॉफ्टवेअर सी-डॉटचं, ते ईप्रॉममध्ये बंद. आम्ही ते उतरवून बसवायचो. गिऱ्हाइकाने एखादी छोटी सोय मागितली, हॉटेलात खोलीनिहाय बिल किंवा डॉक्टरांच्या फोनला अग्रक्रम, तर आम्हाला विनंती पाठवून थांबावं लागे. हात शिकले, पण डोकं वापरायची मुभा मिळाली नाही. या प्रकरणातलं मला सर्वांत लागलेलं शल्य हेच आहे.

सी-डॉटवरही त्या काळात बरंच आलं. छोटं यंत्र वेळेत झालं, पण शहरासाठीचं मोठं एक्स्चेंज छत्तीस महिन्यांत पुरं झालं नाही. १९८९ च्या अखेरीस दिल्लीतलं सरकार बदललं आणि संस्थेच्या कामावर जाहीर वाद झाले. वेळापत्रक चुकलं हे खरं. पण इतक्या मोठ्या यंत्राला तीन वर्षं पुरतील असं मानणाऱ्यांचीही ती चूक होती, आणि त्या गदारोळात अनेक चांगली पोरं संस्था सोडून गेली. त्यातली काही खासगी धंद्यात गेली, काहींनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. मला विचाराल तर ज्ञानाचं सर्वांत पक्कं हस्तांतरण तेव्हा झालं, कुठल्याही कराराविना. माणूस आपल्या पायांनी चालत गेला आणि 'का' बरोबर घेऊन गेला.

हाच धागा मद्रासच्या आयआयटीत पुढे वेगळ्या रीतीने विणला गेला, म्हणून त्याचा उल्लेख करायलाच हवा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या टेनेट गटाने नव्वदच्या दशकात कॉर्डेक्ट ही बिनतारी लोकल लूपची, म्हणजे एक्स्चेंजपासून घरापर्यंतचा टप्पा तारेविना जोडणारी, यंत्रणा घडवली. त्यांचा हिशेब साधा होता: एका लाइनीचा खर्च तीस-चाळीस हजारांवर राहिला तर वर्षाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वसुली हवी, आणि एवढं बिल भरणारी घरं देशात शेकड्याला दोन-तीनच निघतील. तेव्हा आधी खर्च उतरवायचा. त्यासाठी गटाच्या माजी विद्यार्थ्यांनी मिडास ही कंपनी काढली, तिने प्राध्यापकांच्या शेजारी बसून यंत्र पुरं केलं, आणि उत्पादक कंपन्यांकडून परवान्याचे पैसे आधीच घेऊन विकासाचा खर्च भागवला. पैसे आधी भरलेला उत्पादक डिझाइन चालू असतानाच येऊन विचारतो, हा भाग कुठे मिळणार, हे माझ्या लाइनीवर जमेल का. आमच्या भोसरीच्या ट्रंकेत सगळं पक्कं होऊन आलं होतं. विचारायला जागाच उरली नव्हती. अर्थात कॉर्डेक्टलाही मोबाइलच्या लाटेने गाठलंच.

१९९१ नंतर दारं उघडली. परदेशी कंपन्या मोठी एक्स्चेंजं घेऊन आल्या, लाइनीचे भाव कोसळले, १९९४ मध्ये नवं दूरसंचार धोरण आलं. सी-डॉटची यंत्रं खेड्यांत पुढेही अनेक वर्षं चालत राहिली. रस्त्याकडेच्या पिवळ्या एसटीडी बूथमध्ये आकडे लाल दिव्यांत पळताना ज्यांनी पाहिलेत, त्यांच्यातल्या कितीजणांचा फोन अशाच एखाद्या कपाटातून गेला असेल. छोटे परवानाधारक मात्र एकेक करून या धंद्यातून बाहेर पडले. आमचा कारखाना बॅटरी चार्जर आणि पुढे यूपीएसकडे वळला. टेस्टिंगची शिस्त तेवढी राहिली. ती त्या ट्रंकेतूनच आलेली होती.

आता पुन्हा वारं फिरलं आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दूरसंचार तंत्रज्ञान विकास निधी सुरू झाला. तेव्हाच्या सार्वत्रिक सेवा निधीत जमणाऱ्या पैशांतला पाच टक्के भाग संशोधनाकडे वळवायचा, आणि त्यात स्टार्टअप, लहान उद्योग आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून काम करायचं, अशी योजना. बीएसएनएलच्या स्वदेशी ४-जी मध्ये नेटवर्कचा गाभा सी-डॉटचा आहे, रेडिओ तेजस नेटवर्क्सचा, आणि सगळं जुळवण्याचं काम टीसीएसने केलं आहे. ही मोठी गोष्ट आहे, आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण ही मोठ्या कंपन्यांची नावं आहेत. त्यांच्या अँटेना, फिल्टर, पॉवर सप्लाय, कनेक्टर बनवणारा तीस माणसांचा कारखाना या साखळीत कुठे बसवला आहे, आणि त्याला फक्त ड्रॉइंग मिळतंय की बोलायला माणूसही, हे मी हल्ली भेटेल त्याला विचारत असतो.

गेल्या वर्षी चाकणजवळ एक तरुण उद्योजक भेटला. एका सरकारी प्रयोगशाळेकडून तंत्रज्ञान घ्यायचं त्याचं चाललं होतं. कराराचा मसुदा त्याने मला दाखवला: रॉयल्टी किती, मुदत किती, वाद कुठल्या न्यायालयात. मी त्याला म्हटलं, "तिथला माणूस तुझ्या शेडमध्ये किती दिवस बसणार, ते यात कुठे आहे?" ते कुठेच नव्हतं. त्याने पेन काढलं आणि समासात लिहून घेतलं.

मग मी त्याला आमचा जुना तक्ता दाखवला. हॉस्पिटलच्या त्या प्रकरणानंतर सुट्या भागांच्या यादीला मी एक रकाना वाढवला होता. भाग, मूल्य, पुरवठादार, संख्या, आणि शेवटी 'का'. संध्याकाळी टेस्टिंग उरकलं की मी एकेक ओळ घेऊन बसायचो. वहीतून सापडेल ते भरायचं, नाही सापडलं तर बंगळूरला पत्र टाकायचं. उत्तरं यायची, कधी टाइप केलेली, कधी हाताने लिहिलेली. एका पत्रात एका कपॅसिटरबद्दल दीड पान होतं. ते पत्र तक्त्यालाच टाचून ठेवलंय. त्याने ते उभ्याउभ्या पुरं वाचलं आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.